डाव्या वाटीतला चिंचोका

प्रिय शेवंता,

तू गेल्यावर या घरात तुझं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही. आज काढते आहे, कारण परवा माझ्या नातीला, मधुराला, नगरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. पोर पंधरा वर्षांची. गॅसवर दूध ठेवते आणि अंगणात निघून जाते. ताट वाढलेलं असतं आणि जेवायचंच विसरते. बाईंनी या दुखण्याला नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणाल्या, "हिला उपाशी ठेवू नका, उपाशीपोटी लक्ष आणखी उडतं. जेवणाच्या वेळा बांधून द्या. सकाळीच डाळ, अंडं, शेंगदाणे असं काही पोटभर द्या. स्वयंपाक जरूर शिकवा, पण एका वेळी एकच काम सांगा. चुकली तर ओरडू नका."

मी ऐकत होते आणि मला तू दिसत होतीस.

एकाहत्तर साली तू धाकटी जाऊ होऊन आलीस. तव्यावर भाकरी टाकायचीस आणि दारातल्या चिमण्या बघत बसायचीस. भाकरी करपायची. जिनं करपवली तिनंच खायची, हा नियम आत्याबाईंचा, आपल्या सासूबाईंचा, असं मी आजवर सांगत आले. खोटं आहे ते. नियम माझा होता, त्यांनी फक्त मान हलवली. दूध उतू गेलं की त्या दिवशी मी तुझं ताटच मांडायचे नाही. उपाशी राहिलीस की जास्त चुकायचीस, आणि चुकलीस की पुन्हा उपाशी. मला ते कळत नव्हतं असं लिहू का? कळत होतं. मजा वाटायची.

मग तुझं तूच काहीतरी शोधून काढलंस. चुलीजवळ दोन वाट्या ठेवल्यास. एकेक जिन्नस पातेल्यात पडला की एक चिंचोका डाव्या वाटीतून उजवीत टाकायचा. आधी हळद, मग तिखट, मग मीठ. शेवटचा चिंचोका तुझ्या स्वतःच्या जेवणाचा. "अक्का, आता मला इसरायला जागाच न्हाई," असं तू मला किती आनंदानं सांगितलंस.

महिनाभर काही करपलं नाही. तू दोन्ही वेळा जेवू लागलीस, तुझे गाल भरले. आत्याबाई शेजारणीला म्हणाल्या, "धाकटीच्या हाताला चव हाय." मी सात वर्षं त्या चुलीपुढं काढली होती. माझ्याबद्दल त्या असं कधी बोलल्या नव्हत्या.

बहात्तरच्या दुष्काळात एके दुपारी मामंजींनी घोडेगावच्या बाजारातून चार पाहुणे जेवायला आणले. घरात शेवटची तूरडाळ होती. तू आमटी टाकलीस, मीठ घातलंस, चिंचोका उजवीकडं टाकलास आणि पाण्याला गेलीस. मी तो उचलून डाव्या वाटीत ठेवला. एवढंच केलं. दुसऱ्यांदा मीठ तू तुझ्याच हातानं घातलंस.

पाहुण्यांनी घास थुंकले. आत्याबाई ओरडल्या, "असल्या काळात अन्नाची माती केली हिनं." तू वाटी पुढं धरून सांगत होतीस, "आत्याबाई, चिंचोका डावीकडंच हुता." मी हसून म्हणाले, "चिंचोक्याला इचारून सैपाक करती म्हनं ही." सगळे हसले. तुझा नवराही हसला.

दुसऱ्या दिवशी भावजींनी तुला पाथर्डीच्या एसटीत बसवलं. "चार दिवस माहेरी राहून ये," म्हणाले. तुला आणायला कुणी गेलं नाही. मी जाऊ दिलं नाही.

वर्षानं तुझा भाऊ तू गेल्याचं सांगायला आला. तापाचं निमित्त झालं म्हणाला. "ताई चुलीपाशी जायाचीच न्हाई. कुणी ताट दिलं तर खायाची, न्हाईतर तशीच बसून ऱ्हायाची. एकच इचारीत हुती, चिंचोका हलवायला मी इसरले कशी?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी तवा चुलीपाशीच हुता ना, अक्का?"

मी म्हणाले, "व्हय. पन तिचं डोकंच ठिकानावर नव्हतं."

त्यानं मान खाली घातली. त्याला पटलं होतं.

शेवंता, तुला एकदाही माझा संशय आला नाही? स्वतःच्या आठवणीवर अविश्वास दाखवलास, माझ्यावर का नाही दाखवलास? एकदा तरी माझं नाव घेतलं असतंस.

परवा दवाखान्यातून परत येताना मधुरानं विचारलं, "आजी, आपल्या घरात माझ्यासारखं कुणी होतं का गं?" मी नाही म्हणाले. या वयातही जीभ अडखळली नाही.

तुझी माफी मागत नाही. तू ती लगेच दिली असतीस, आणि मला ती फुकट नको. उद्या सकाळी मधुराला न्याहारी वाढेन. तिचं पोट भरेपर्यंत समोर बसेन. मग तुझ्या नावानिशी सगळं सांगेन, काही न वगळता. त्यानंतर तिनं माझ्या हातचं खाणं सोडलं, तर मी तिला अडवणार नाही.

तुझी थोरली जाऊ,
सगुणा