भुंगीच्या काळजाचा फोटो

३ जून, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी आज नीट समजावलं. भुंगीचे सांधे सुजतात कारण अंगातली राखणदार फौजच घरच्यांना शत्रू समजून बडवते. म्हटलं, कळलं — माझ्या जावांसारखं! नवऱ्याने मान खाली घातली.

मग म्हणाल्या, ही फौज कधी कधी हृदयावर पण जाते. पोरीला हल्ली दम लागतो ना, बघायला हवं. नऊ वर्षांची पोर!

४ जून
छातीवर थंडगार जेली लावून तपासणी. भुंगीला गुदगुल्या! खी खी खी! वाईट काही दिसलं नाही, पण बाईंचं समाधान होईना. आता मोठ्या मशीनमध्ये फोटो. कापाकापी नाही. फक्त निपचित पडायचं, सांगितलं की श्वास रोखायचा.

निपचित! माझं शेंडेफळ झोपेतसुद्धा लाथा झाडतं.

६ जून
जेवणाच्या टेबलाखाली सराव. मी वरून — घे! सोड! थांब! हललीस तर याद राख! सासूबाईंना हौस, म्हणाल्या मी पण पडते. पडल्या. ओढून काढायला दोघं लागली. नवरा पडला तो घोरायलाच लागला.

८ जून
आज श्वास रोखण्यात सासूबाई जिंकल्या. मिरवतायत नुसत्या.

१० जून
मशीनवाली बाई माईकवरून अगदी लोण्यासारखं बोलते, ‘बाळा, श्वास घे हं...’ भुंगी फिदीफिदी. फोटो हलला. परत घेतला. परत हलला! शेवटी आतून आवाज, ‘माझ्या आईला ओरडायला सांगा ना!’

बाईने माईक माझ्यापुढे धरला. लाजायचं काय त्यात! ‘भुंगे! घे! सोड! थांब!!’

भुंगी पुतळा. माईकच्या खोलीचं दार उघडंच होतं — बाहेरच्या बाकावर पण चिडीचूप. एक आजोबा श्वास कोंडून लालेलाल. त्यांची बायको, ‘अहो, सोडा! तुमचा गुडघ्याचा आहे!’

मशीनवाली म्हणते, ‘ताई, रोज येता का?’

१३ जून
सूज निघाली. हृदयाच्या स्नायूलाच. फोटो स्वच्छ आला म्हणून एवढीशी असतानाच दिसली, औषधाने उतरेल बहुतेक, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बहुतेक!

घरी आल्यापासून मी कुणावर ओरडले नाही. आत्ता भुंगी आत आजीला हळूच विचारतेय — ‘आईला काही झालंय का गं?’