पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख

बाबा, तुमचा आणि माझा राग एकाच गोष्टीवर होता: तारखेसाठी माणसाला फुकट खेप घालायला लावणं. तुम्ही पांढुर्ण्याच्या तहसील ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने सुनावणीच्या तारखा लिहून त्या खेपांशी भांडायचे, मी सभांमधून. "फळा पुसा, कॉम्प्युटर आणा, तारीख माणसाच्या खिशात पोचू द्या!" किती चौकांत ओरडलो मी. तुम्ही डब्यातली भाकर मोडत म्हणायचे, "भाषण कोणाले देऊन राहिला रे? फळा बहिरा हाय."

आता तसंच झालंय. ऑफिसातल्या नोंदींवरून कॉम्प्युटरचं कॅलेंडर रोज आपोआप भरतं, सकाळी मोबाइलवर निरोप जातो. कुणाचा हात लागत नाही, याचाच मला अभिमान होता. यंदा त्यानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीही तारखा लावल्या. गोटमारीचा दिवस, नदीच्या दोन्ही काठांवरून दगडफेकीचा! रस्ते बंद, ऑफिसला कुलूप. पण ही इथली सुट्टी त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तुमच्या वेळी एका नव्या बाबूनं एकदा हीच चूक केली होती. तुम्ही त्याच्या हातातला खडू काढून घेताय, ते आत्ताही दिसतं: "त्या दिवशी सुनावणीले काय गोटे येतीन?"

लोधीखेड्याची एक काकू मात्र आली. नवऱ्यामागे संत्र्याच्या बागेवर आपलं नाव चढावं, एवढाच तिचा अर्ज. दिराचा त्याला विरोध. रस्ते बंद व्हायच्या आत ती पोचली आणि कुलपासमोर बसून राहिली. बंद ऑफिसात तिची हजेरी भरणार कोण? कॅलेंडरनं तिला गैरहजर धरलं, आणि अर्ज आपोआप फेटाळला गेला. काल ती माझ्या दारात उभी.

"भाऊ, मशीन तूच मांगितलं ना? मंग सांग त्याले, मी आली होती म्हणून. पटत नसन तं कुलपाले इचार."

बोलण्यावरच आयुष्य काढलं मी, पण काल तिच्या अर्जाचा नंबर तेवढा लिहून घेतला.

फळा मी परत मागणार नाही, बाबा. खेपा पुन्हा वाढतील. उद्या ऑफिससमोर लोक जमतील, तेव्हा साहेबांना एकच सांगेन: काकूचा अर्ज आजच्या आज पुन्हा उघडा.

भाषण लिहायलाच कागद घेतला होता, तुम्हालाच लिहीत बसलो. तुम्ही गेल्यावर हा कागद कुठं पाठवणार? खरं सांगतो, बोलायची भीती आज पहिल्यांदा वाटून राहिली आहे. उद्या माझा आवाज चढला, तर पूर्वी सभेत मागून ओढायचे तशी माझी बाही ओढा.