शमशादबींची नोंद

बुधवार, संध्याकाळ. धाराशिव.

फटाका कारखान्यात आम्ही बसवलेली हजेरीची मशीन आगीत जळाली. इथं आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवरच्या नकलेत त्या सकाळची नावं अर्धीच पोचलीत. त्यात शमशादबी नाहीत. मालक म्हणतात, त्या आल्याच नव्हत्या. घरी तरी कुठं परतल्यात?

त्यांचे शौहर आज ऑफिसात आले. "साहेब, म्या सोडायला गेलतो. तिनं अंगठा लावला, मशीन 'नोंद झाली' म्हणली."

म्हणलीच असणार. रांग अडते म्हणून मीच तशी सेटिंग केली होती. नक्कल इथं पोचायची वाट न बघता 'नोंद झाली' म्हणून मोकळं व्हायचं. सांगितलं का त्यांना? नाही.

मालकांना मात्र सही करून कागद दिला. 'नोंद आढळली नाही.' एक शब्द खोटा नाही त्यात.