शेपटीवरची खाच

बिन महमूद, दोहा
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

स्वस्ति श्री वसईनिवासी, केळीच्या वाडीचे नवे मालक जॉर्जराव यांस चौथ्या मजल्यावरून संजीवचा नमस्कार.

इकडील क्षेम. एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले. शशिकलेची पाठ बरी आहे, जीभ त्याहून बरी आहे. तुमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता तिसरे भाडेकरू आले. लिफ्टपाशी भेटतात, हसतात, पण त्यांच्यातला एकही मला ‘भटजी’ म्हणून हाक मारत नाही, त्यामुळे ओळख काही वाढत नाही.

हे पत्र कोणी आणून दिले ते तू पाहिलेच आहेस. त्याला आत घे, पाणी दे, आणि सगळे वाचून होईपर्यंत त्याला किंवा मला काही बोलू नकोस. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, हे तू वीस वर्षे सोसले आहेस. नाशिकच्या पाठशाळेत आम्हांला मंगलाचरण शिकवले, ते कुठे थांबवायचे ते शिकवायचे राहून गेले.

तर आधी बोटीची हकिकत.

मंगळवारी डेरिलचा फोन आला. तुझ्याशी तो दोन वर्षे बोलत नाही, तसा माझ्याशीही बोलत नव्हता. मला वाटायचे, बापाचा मित्र म्हणून माझ्या वाट्याला थोडा प्रसाद आला असेल. त्यामुळे नाव पाहून मी आधी उभा राहिलो, मग फोन घेतला.

“अंकल, फ्रायडे सकाळी सहाला अल वक्रा. बोट सांगून ठेवली आहे. येताय?”

“अरे, मी मासे खात नाही.”

“कधीच खात नव्हता. येत मात्र होता.”

(तो बोलतो इंग्रजीतच. या पत्रात त्याच्या तोंडी जे मराठी आहे ते माझे, उद्धटपणा मूळचा.)

तुझा व्हॉइस मेसेज मला त्याच्या आधी, रविवारी आला होता. “भटजी, पोटात गाठ निघाली आहे. सत्तावीसला कापतायत. डेरिलला बोलू नको हां, नवीन नोकरी, प्रोबेशनवर आहे. होऊन जाऊ दे, मग सांगू.” मी तो अकरा वेळा ऐकला. पहिल्यांदा ऐकल्याबरोबर मी काय केले? अंगठा पाठवला. पिवळा, टवटवीत अंगठा. तुझ्या जुडिथच्या वेळी पाठवला होता तोच.

शुक्रवारी जाताना मनात असे होते: सहा तास, दोन माणसे, चहूकडे पाणी. शब्द पाळायचा की मोडायचा हे ठरायला तेवढे पुरेल. शशिकला दारात म्हणाली, “खायचे नाहीत, पण मारायला जायचे. कुठल्या शास्त्रात बसते हे?” मी म्हटले, तो अध्याय आम्ही ऑप्शनला टाकला होता. ती हसली नाही. म्हणाली, “सांगून टाका हो त्याला. आईच्या वेळेस काय झाले ते पाहिलेत ना?”

बोटीवर तोच आपला हर्णैचा अरहान. दाढी पांढरी झाली, बाकी आवाज तोच. तुझी चौकशी त्याने बोटीचा दोर सोडायच्या आधी केली. “जॉर्जसाहेब नाय आले? मंग बर्फ जास्ती झाला.” डेरिल समुद्राकडे बघत होता. मी म्हटले, जॉर्जसाहेब आता शेतकरी झाले.

समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. शमाल वाऱ्याचा पत्ता नाही. परत फिरायला एखादे निमित्त मिळावे असे मला वाटत होते आणि हवामान माझ्याशी अतिशय सौजन्याने वागत होते. अरहानने बोट थांबवली, गळांना कोळंबी लावली (माझ्या गळाला अजूनही तोच लावतो, मी तेवढ्या वेळापुरता क्षितिजाचे निरीक्षण करतो) आणि आम्ही दोऱ्या सोडल्या.

“डेरिल,” मी म्हटले.

“हं?”

“ऊन लागतंय का तुला?”

“नो.”

पाऊण तासाने पुन्हा. “डेरिल.”

“बोला, अंकल.”

“टोपी घाल.”

त्याने टोपी घातली. त्यानंतर मी त्याला ऑफिस, मेट्रो, भाडे आणि त्याचे केस या विषयांवर छेडले. एवढे शब्द येतात मला, जॉर्ज. धातू, प्रत्यय, सगळे पाठ. जन्मल्यापासून जाळेपर्यंतच्या प्रत्येक विधीला काय म्हणायचे ते मी झोपेत सांगेन. पण ‘तुझा बाप आजारी आहे’ हे साधे वाक्य मला जमेना. अरहान मागून म्हणाला, “साहेब, तुमचा गळ तळाला टेकलाच नाय. अध्ध्या पान्यात काय लागनार?”

डेरिलच्या गळाला चार शेरी मासळ्या लागल्या. मग एक हमूर, लहान. अरहानने फळीवरच्या खुणेशी लावून पाहिला, दोन बोटे कमी. “छोटा हाय, जाऊ दे,” म्हणून पाण्यात सोडला. पण तो खोलातून वर आला होता, पोटात हवा धरलेली. सुटला तरी खाली जाता येईना. बोटीच्या कडेशी पांढरे पोट वर करून तरंगत राहिला, शेपूट मारायचा, पुन्हा वर यायचा. अरहानने जाळीने ओढून घेतला, बारीक सुई टोचून हवा काढली, पुन्हा सोडला. थोडा बुडाला, पुन्हा वर. आम्ही तिघेही कठड्याशी ओणवून उभे. त्याला पाणी होते, मोकळीक होती, आम्हां तिघांची सदिच्छाही होती. मग अरहान म्हणाला, “वखत गेला याचा,” आणि इंजिन चालू करून बोट दुसरीकडे नेली. मी मागे वळून पाहिले नाही.

तेव्हा बोलायला हवे होते. नाही बोललो.

साडेअकराच्या सुमारास डेरिलला मोठा हमूर लागला. वीस मिनिटे झुंजला असेल. वर आला तेव्हा अरहानने आरोळी ठोकली, मीही ठोकली, आणि शाकाहारी माणसाला शोभणार नाही असा आनंद मला झाला. डेरिल हसला नाही. त्याने सुरी मागितली, आमच्याकडे पाठ करून माशाशी काहीतरी केले आणि तो बर्फाच्या पेटीत टाकला.

अरहानने बोट परत फिरवली. धक्क्याला उतरलो. अरहान पेटी उचलायला गेला आणि डेरिल माझ्यापुढे उभा राहिला.

“खलास, अंकल. सहा तास झाले.”

“कसले?”

“एस्थर आँटीने मला सोमवारी सांगितलं. डॅडची गाठ, ऑपरेशन, सगळं. हेही सांगितलं की तुम्हाला माहीत आहे.” आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरे झाले असते. “म्हणून बोट घेतली. म्हटलं, अंकलना सहा तास देऊ. पूर्वी दिले होते तेवढेच.”

मी म्हटले, “मी सांगणारच होतो.”

“केव्हा? एअरपोर्टवर?”

(बहिणीवर रागावू नकोस. तुझ्या घरात खरे बोलायची हिंमत एकट्या एस्थरलाच आहे. माझ्या घरात शशिकलेला.)

आता ‘पूर्वी’चे सांगतो. ते तुला ठाऊक नाही. निदान माझ्याकडून नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो डिसेंबरातला शुक्रवार. जुडिथ तिकडे वसईत तीन दिवस बेशुद्ध होती. तू मला लिहिले होतेस, “त्याची ट्रिप होऊ दे, उगाच घाबरेल.” मी अंगठा पाठवला आणि त्याच्याबरोबर याच बोटीवर चढलो. त्याला सुरमई लागली, त्याच्या कमरेएवढी. त्याने फोटो काढून आईला पाठवला. किनाऱ्याजवळ रेंज आली तसे आईच्या फोनवरून उत्तर आले: “वेल डन, माय बॉय. मम्मा खूश.”

ते तू पाठवलेस, हे मला तिथल्या तिथे कळले. तुला मी दोष देत नाही. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून, बायकोचा फोन हातात धरून माणसाने काय करावे, याचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. मुलाचा मासा आणि त्याला उत्तर नाही, हे तुला सोसले नसेल.

पण तो पोरगा फोनकडे बघत राहिला. मला म्हणाला, “अंकल, मम्मा ‘जेवलास का’ विचारल्याशिवाय मेसेज करत नाही. शी इज ओके, नो?”

आणि मी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटले, “अरे उत्तम आहे. खूश आहे, वाचलेस ना?”

तू न सांगता गप्प राहिलास, जॉर्ज, आणि एक मेसेज पाठवलास. मला तर त्याने तोंडावर विचारले होते. तो आपणहून दार उघडून उभा होता आणि मी ते बाहेरून ओढून घेतले. त्या रात्री त्याला विमान मिळाले असते. तो रविवारी निघाला, “सीरियस आहे, ये” एवढेच ऐकून, आणि वसईत पोहोचला तेव्हा अंगणात मयतासाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या. दोन वर्षे तू समजतोस की तो त्या एका मेसेजमुळे तुझ्याशी बोलत नाही. त्यातला अर्धा राग माझा आहे. तो तू फुकट वाहतो आहेस आणि मी तुला वाहू दिला.

धक्क्यावर हे सगळे त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, “मला माहीत आहे अंकल, मी तिथेच होतो.” मग म्हणाला, “तुम्ही डॅडला पत्रं लिहिता ना कुणाकुणाबरोबर? लिहा. सोमवारी मी जातोय. नेईन मी. मला वाचता येत नाही, डोन्ट वरी.”

त्याच्या साहेबाने रजा नाकारली आहे. प्रोबेशनमध्ये चालत नाही म्हणे. तरी तो येतो आहे. परत आल्यावर नोकरी असेल का, कोण जाणे. मी ओळखीच्या दोघांना फोन केले. दोघेही इन्शाल्ला म्हणाले. त्या शब्दाचा इथला अर्थ तुला समजावून सांगायला नको. गाठीबद्दल मी काही करू शकत नाही, नोकरीबद्दल नाही, तुम्हा दोघांच्या अबोल्याबद्दल तर नाहीच, त्याने मला स्पष्ट बजावले आहे, “मी त्यांना बघायला चाललोय, माफ करायला नाही.” हेही मी आता लपवत नाही.

एक कर. इथून पुढचे मोठ्याने वाच. तो समोरच बसला असेल, मोबाइलमध्ये डोके घालून, ऐकत नसल्यासारखा. त्याला वाचता येत नाही, पण मराठी सगळी कळते; लहानपणी आपण त्याच्यापासून लपवायला मराठीत बोलायचो आणि तो आईला इंग्रजीत सगळे सांगायचा, आठवते ना?

डेरिल, बाळा. त्या दिवशी तू मला विचारलेस आणि मी खोटे बोललो. तुझ्या भल्यासाठी बोललो असे मी दोन वर्षे स्वतःला सांगत आलो. तसे नव्हते. तुझा चेहरा बदललेला बघायची माझी तयारी नव्हती, एवढेच होते. तुझी आई उत्तम नव्हती. तुझे बाबाही आज उत्तम नाहीत, आणि सत्तावीस तारखेला काय होईल ते मला माहीत नाही. जेवलास का?

बस. आता पुन्हा मनातल्या मनात वाच.

त्याच्याजवळ थर्माकोलचा डबा असेल. त्यात तो मोठा हमूर आहे. वसईला बाहेरगावाहून मासा घेऊन येणारा पहिला माणूस म्हणून तुझ्या मुलाची नोंद व्हावी. विमानतळावर कुणी अडवला नाही म्हणजे मिळवली. ऑपरेशनच्या आधी तुला खाऊ देतील की नाही, तेही डॉक्टरांच्या हातात. मंगलकार्यात अंड्याचा केकही न आणणाऱ्या शशिकलेने तो कालपासून आमच्या फ्रीजरमध्ये मटारशेजारी ठेवून घेतला आहे. वर स्वच्छ रुमाल घातला.

बोटीवर एकाच पेटीत सगळ्यांचे मासे जायचे, म्हणून शेपटीवर खाचा मारायची आपली पद्धत. तुझी एक, डेरिलच्या दोन, आणि माझ्या माशाला काही नाही, कारण तो शेवटी तुझाच व्हायचा. चारही शेरींवर त्याने दोन-दोन खाचा मारल्या होत्या. त्या अरहानला देऊन टाकल्या.

हमुराची शेपटी मी रुमाल उचलून पाहिली. एकच खाच आहे.

त्याला विचारू नकोस. मीही विचारले नाही. हे एकच गप्प राहणे मला बरोबर वाटले.

तुम्ही दोघे ठेवाल तर तुमचा,
संजीव