खडूने भरलेला आकडा

४ मार्च

ती. मामांना शिरसाष्टांग नमस्कार.

रागात लिहिते आहे, अक्षर गोड मानून घ्या. आज विद्यापीठात आमच्या इतिहास विभागाच्या समितीपुढे नवा कॅमेरा मांडला. शिलालेखावर चहूबाजूंनी तिरपा उजेड टाकून पन्नास फोटो घ्यायचे. संगणक ते जुळवतो आणि झिजलेली रेघही वर येते. एका गुळगुळीत नाण्यावर करून दाखवलं, तर विभागप्रमुख म्हणाले, हातचलाखी छान आहे. मग मी संग्रहालयाच्या अंगणातला शिलालेख तपासू द्या म्हटलं. समितीतले दाढीवाले सर हसले. म्हणाले, तो तुझ्या मामांनीच चाळीस वर्षांपूर्वी सालासकट वाचलाय, आता त्यात काय बघायचं? म्हणजे तुमच्याच काठीने मला हाणलं! कॅमेरा उसना आहे, महिनाअखेर परत जाईल, आणि पुन्हा कोणी मागवणार नाही. तुम्ही त्यांना चार खरमरीत ओळी लिहाल का? मामी बरी आहे ना?

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
भाची

९ मार्च

चि. मिरचीस अनेक आशीर्वाद.

मामी ठणठणीत आहे. तुझं पत्र ऐकून म्हणाली, पोरगी मामावरच गेलीये. खरमरीत लिहायला बसलो खरा, पण ते मलाच लागू पडतंय.

त्या काळी फोटोत अक्षरं उठावीत म्हणून दगडातल्या खाचा खडूने भरत. मीही भरल्या. सालाचा तिसरा आकडा पार झिजला होता. ऊन उतरत होतं, फोटोग्राफर घाई करत होता. मला सोयीचा वाटला तो आकडा मी खडूने काढला. माझ्या छापील लेखात 'अंदाजे' लिहायला हवं होतं, नाही लिहिलं. पुढे दगडाकडे कोणी फिरकलंच नाही, सगळ्यांनी फोटोच वाचला. तुझ्या समितीतल्या तिघांची पीएच.डी. त्या सालावर उभी आहे. मला लाज वाटते. हे पत्र समितीत मोठ्याने वाच.

लोभ कमी झाला तरी समजून घेणारा,
मामा

१६ मार्च

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र समितीत वाचलं, आणि अंगाचा नुसता तिळपापड झालाय! विभागप्रमुख हळहळून म्हणाले, सरांचं वय झालं, आठवणी दगा देतात. छापील लेखावर विसंबलेलं बरं. तुमच्या लेखावर विश्वास, तुमच्यावर नाही! दाढीवाल्यांनी तर तुमच्या तब्येतीबद्दल काळजी व्यक्त करणारा ठराव मांडला. तो मंजूर झाला. कॅमेऱ्याचा नामंजूर.

कॅमेऱ्याची पेटी बांधायला घेतली आहे. तुमची अब्रू चव्हाट्यावर मांडून हाती काहीच लागलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

लोभ कमी करू नका,
भाची

२० मार्च

चि. मिरचीस आशीर्वाद.

पेटी सोड. तब्येतीच्या ठरावाला उत्तर म्हणून काल पायी संग्रहालयात जाऊन आलो. तिथल्या प्रमुख बाई म्हणाल्या, दगड आमचा आहे, समितीचा नव्हे, खुशाल या. रविवारी सकाळी दहाला ये. ऊन अडवायला मी छत्री धरीन. दाढीवाल्यालाही बोलावलंय. यायचा नाही, पण बोलावलंय.

एकच अट. त्या आकड्यावर मी प्राध्यापक झालो, भाषणं ठोकली, मानपत्रं घेतली. तो खोटा निघाला तर तू मला सांभाळून घ्यायला बघशील. ते चालायचं नाही. चूक कोणाची, ते माझं पूर्ण नाव घालून छाप, आणि छापून झाल्यावरच मला कळव.

तेव्हाही लोभ असावा,
मामा