उंदराने कुरतडलेलं जाळं

बाबा, आईलाही शुगर निघाली. तुमचे आकडे लिहायचो त्याच वहीत आता तिचे लिहितो. उद्यापासून धानाची कापणी आहे. सकाळपासून ती विळा शोधते आहे.

तुमच्या पायाला तलावातला शिंपला लागला, तेव्हा सिस्टर म्हणाली होती, जखम भरेपर्यंत पाण्यात उतरू देऊ नका. जखम दोन महिन्यांत भरली. मग एकदा तुम्ही न सांगता तलावावर गेलात. जाळं फेकलं ते ताटासारखं गोल पडायचं सोडून कानोल्यासारखं दुमडून पडलं, आणि त्याच्या ओढीने तुम्हीही कमरेएवढ्या पाण्यात पडलात. मी बाहेर काढलं तेव्हा तुमचा दंड माझ्या मुठीत मावला. त्या दिवसापासून मी तुम्हाला ओसरीतल्या खाटेवर बसवलं ते वर्षभर, तुम्ही जाईपर्यंत. भात वाटीने मोजून वाढला, मासोळीचा रस्सा तेलकट म्हणून बंद केला. वजन उतरत गेलं, तसं मला वाटलं, शुगरही आवरते आहे. शेजारी म्हणायचे, पोरगा बापाची सेवा करते.

अजून दिसतं. तुम्ही दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून उठायला बघताय आणि पुन्हा बसताय. "काऊन गा, मले आंडे उबवाले बसवलं का? जाळं आण माहं." मी आणून देतो. मधोमध हातभर फाटलेलं. "उंदरानं कुरतडलं," मी सांगतो. तुम्ही फाटलेली कड बोटांतून हळूहळू फिरवता. "लय शिकलेला उंदीर दिसते," म्हणता आणि हसता. त्यानंतर तुम्ही जाळं कधी मागितलं नाही.

मी आता मूल गावच्या राइस मिलमध्ये पोत्यांवर नंबर घालतो. दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर शुगरबद्दल वाचतो. पूर्वी संशोधक डोळे, किडनी, नसा एवढंच बघायचे म्हणे. आता म्हाताऱ्या माणसाच्या स्नायूंकडे बघतात: मुठीचा जोर, खुर्चीवरून उठणं, चालण्याचा वेग. खाल्लेली साखर बरीचशी स्नायूच वापरतात. ते झिजले की साखर वाढते, आणि साखर वाढली की ते आणखी झिजतात. सुरुवात कुठून होते, यावर त्यांचंही अजून एकमत नाही. पण नुसतं बसवून आणि उपाशी ठेवून माणूस खंगतो, एवढं सगळेच लिहितात. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

म्हणजे आईला जाऊ द्यायला हवं. पण तिच्या तळपायांना आता काही कळत नाही. परवा चुलीतला निखारा पायाखाली आला, तिला वासावरून समजलं. शेतात, बांधीबांधीत कापलेल्या धानाची टोकदार खुंटं असतात. बसवलं तर तुमच्यासारखी वाळेल, पाठवलं तर तुमच्यासारखी जखम घेऊन येईल. मी बूट आणले, तर म्हणाली, "बूट घालून चिखलात कोन जाते रे? विळा दे. तुह्या बाबाले बसवून बसवून लाकूड केलं, आता मले बी बसवतं का?"

मी बूट उचलून खाटेखाली ठेवले.

हे पान वहीतून फाडणार नाही. ओढलं तर त्याला जोडलेलं तुमच्या आकड्यांचं पानही सुटून येईल. जाळं उंदराने कुरतडलं नव्हतं, बाबा. मी ब्लेडने कापलं होतं, आणि ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. आईचा विळा माझ्या उशीखाली आहे. अजून दिलेला नाही.