ताऱ्यातलं लोखंड आणि तळाची आमटी

बाबा, त्या ताऱ्याबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं, ते आता फारसं कुणी मानत नाही. कधीतरी कळवू म्हणत राहिले. आज अंगात त्राण नाही, तरी लिहायला बसलेय.

नव्वदच्या दशकातला तो मे महिना. आई जाऊन दोन वर्षं झालेली. मी पुण्याहून सुट्टीला लखनौला आले, तर महानगर कॉलनीतल्या घरात कूलर घरघरतोय आणि रेल्वेतून रिटायर झालेले तुम्ही पंचा गुंडाळून आमटी करताय. आईचं नाव तुम्ही काढत नव्हतात. मी काढलं की तुम्हाला नेमकी जवळच्या कपूरथला बाजारातून सब्जी आणायची आठवण व्हायची. आमटी मात्र तिचीच, गोडा मसाला घातलेली. फक्त तुम्ही ती ढवळत नव्हतात. वरची पातळ तेवढी वाढायचात, तळाची दाट पातेल्यात राहायची. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची आणि तळाचं तिच्या वाटणीला यायचं. मला ते दिसत होतं.

त्या दुपारी जेवता जेवता मी तुम्हाला माझं काम दाखवलं. आपल्या शेजारचाच एक श्वेत बटू तारा, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. त्याच्या प्रकाशात लोखंडाच्या, कॅल्शियमच्या खुणा दिसतात, आणि त्या तिथे असायला नकोत. त्याची ओढ इतकी जबर, की जड धातू आमटीतल्या डाळीसारखे तळाशी जाऊन बसतात. तुम्ही आलेखाचा कागद बराच वेळ धरून राहिलात.

"अच्छा. म्हणजे वर दिसतंय, ते अजून पडतंय?"

मी हो म्हटलं.

"त्याचंच काही?"

तेव्हा आमच्यात बरेच जण मानायचे, तेच मी सांगितलं. "नाही बाबा, वाटेतली धूळ. त्याचा तिच्याशी काही संबंध नाही."

"मग ठीक आहे," म्हणालात. पळी घेतलीत, पातेलं तळापासून ढवळलंत आणि दोघांना दाट आमटी वाढलीत. बाबा सावरले, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

ती धूळ परकी नव्हती. त्या ताऱ्याभोवती एकेकाळी जे फिरत होतं, त्याचेच तुकडे त्याच्यावर पडत आलेत. तो विझला तरी पडायचं थांबलेलं नाही. वर्गात हे शिकवताना मी हल्ली खुर्चीत बसून घेते. तुम्ही ताऱ्याबद्दल विचारत नव्हतात, हे मला फार उशिरा कळलं. हे उत्तर तेव्हा मिळालं असतं, तर आईचं नाव घेतलं असतंत कदाचित. किंवा नसतंतही. मी दमलेय बाबा, मला आता नक्की काही सांगता येत नाही.

हे पाठवायला पत्ताही नाही, महानगरचं घर कधीच विकलं. तुमचे जावई जाऊन या चैत्रात वर्ष झालं. आमच्याकडे शेवटी ते जेवायचे, ओट्यापाशी उभे राहून, पातेल्यातूनच. आज मी आमटी केली. वरचीच घेतली. पातेलं अजून ओट्यावर आहे.